जेरीमँडर : एका विचित्र शब्दाची कुळकथा

आमच्या वाचकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांस विचारले आहे की, अमेरिकेच्या बातम्यांत २०२५ सालापासून 'जेरीमँडर' असा जो शब्द सारखा कानांवर येतो तो आहे तरी काय? त्यांचा मुलगा म्हणतो ते कोणा प्राण्याचे नाव असावे. सूनबाई म्हणतात ते माणसाचे नाव आहे. आणि शब्दकोश उघडावा तर तेथे निवडणुकीविषयी काहीतरी लिहिलेले. आमचे उत्तर असे की, तिघेही बरोबर आहेत. या शब्दात एक माणूस आहे, एक प्राणी आहे आणि एक निवडणूक आहे. ती कशी, ते आज सांगावयाचे आहे. कारण शब्द परका असला तरी ज्या गोष्टीला तो चिकटला आहे ती गोष्ट मते देणाऱ्या कोणत्याही देशाला परकी नाही.

आधी बातमी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात टेक्सास राज्याचे ३८ सभासद असतात. २०२४ च्या निवडणुकीत त्यांपैकी २५ जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या होत्या. दर दहा वर्षांनी जनगणना व्हावी आणि तिच्या आकड्यांवरून मतदारसंघांचे नकाशे नव्याने काढावेत, अशी तेथील वहिवाट. टेक्सासने मात्र जनगणनेची वाट न पाहता, अध्यक्ष ट्रम्प यांच्या आग्रहावरून २०२५ मध्येच नवा नकाशा काढावयास घेतला. हेतू लपवून ठेवलेला नव्हता. आपल्या पक्षाच्या आणखी ५ जागा निवडून याव्यात एवढाच तो होता. विरोधी डेमोक्रॅट आमदारांपाशी विधेयक पाडण्याइतकी मते नव्हती, म्हणून ३ ऑगस्टला त्यांच्यातील पन्नासांहून अधिक जण राज्य सोडूनच निघून गेले. १५० सभासदांच्या त्या सभागृहात कामकाज चालावयास १०० जण हजर लागतात. गणसंख्याच नाही तर मतदान कसले? दोन आठवडे हा खेळ चालला. शेवटी मंडळी परतली, विधेयक मंजूर झाले आणि २९ ऑगस्टला गव्हर्नर ॲबट यांनी त्यावर सही केली. डिसेंबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही २०२६ च्या निवडणुकीसाठी हा नकाशा वापरण्यास मोकळीक दिली. या साऱ्या प्रकाराला तेथील वर्तमानपत्रे एकच शब्द लावतात : जेरीमँडर.

आता शब्दाची जन्मकथा. एल्ब्रिज गेरी नावाचे एक गृहस्थ मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते. माणूस सामान्य नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्यातील ते एक. पुढे १७८७ मध्ये राज्यघटना तयार झाली, तेव्हा तीत नागरिकांच्या हक्कांची हमी नाही म्हणून तिच्यावर सही करण्यास ज्या थोड्यांनी नकार दिला त्यांतही ते होते. पण १८१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी ज्या विधेयकावर सही केली, तेवढ्यानेच त्यांचे नाव जगाच्या ध्यानात राहिले. राज्याच्या सिनेटसाठी मतदारसंघांच्या नव्या सीमा त्या विधेयकात आखल्या होत्या आणि त्या गेरींच्या पक्षाला सोयीच्या होत्या. एसेक्स परगण्यातील एक मतदारसंघ तर असा काढला होता की, परगण्याच्या कडेकडेने तो वाकडातिकडा वळसा घालीत जाई. गेरींचे स्वतःचे गाव मार्बलहेड, तेही त्या वळशात सापडलेले.

बॉस्टनमधील विरोधी पक्षाच्या मंडळींनी नकाशा पाहिला. त्या वेड्यावाकड्या आकाराला कोणी तोंड काढले, नख्या काढल्या, पंख लावले. कोणी म्हणाले, हा तर सॅलॅमँडर दिसतो. सॅलॅमँडर हा आपल्या बेटावर न आढळणारा जीव. दिसावयास पालीसारखा, पण कुळाने बेडकाचा भाऊबंद. दुसऱ्याने लगेच गेरीचे नाव त्याच्या शेपटीला जोडले आणि सॅलॅमँडरचा झाला गेरीमँडर. २६ मार्च १८१२ रोजी 'बॉस्टन गॅझेट' या पत्रात ते व्यंगचित्र छापले गेले. तेव्हापासून हा शब्द इंग्रजी भाषेतून हललेला नाही.

त्या निवडणुकीचा निकाल शब्दाहूनही अधिक बोलका आहे. राज्याच्या सिनेटमध्ये ४० जागा होत्या. विरोधी फेडरलिस्ट पक्षाला ५१,७६६ मते पडली आणि जागा मिळाल्या ११. गेरींच्या पक्षाला ५०,१६४ मते पडली, म्हणजे दीड हजाराने कमी, आणि जागा मिळाल्या २९. गव्हर्नरची निवडणूक मात्र साऱ्या राज्यातून एकत्र होते. तेथे आखावयास रेषाच नाही. तिच्यात गेरी हरले. पुढे ते अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले आणि १८१४ मध्ये त्याच पदावर असताना वारले. त्यांच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात असे म्हटले आहे की, हे विधेयक गेरींना मनातून नापसंत होते. असेलही. पण सही त्यांची होती आणि नावही त्यांचेच लागले. आयर्लंडमधील एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट, याच्याशी १८८० मध्ये कुळांनी सारे व्यवहार तोडले आणि त्याचे नाव बहिष्काराला कायमचे चिकटले, त्यातलाच हा प्रकार.

उच्चाराचीही एक गंमत आहे. त्या गृहस्थांचे आडनाव 'गेरी', 'ग' गवताचा. पण शब्द पुस्तकांतून दूरवर पसरला तेव्हा वाचणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांकडे पाहून तो 'जेरी' केला आणि आज सगळीकडे तोच चालतो. तेव्हा घरात कोणी 'गेरीमँडर' म्हणाले तर त्यास हसू नये. जुन्या उच्चाराला धरून तोच खरा आहे.

मराठीत याला काय म्हणावे? 'मतदारसंघांची पक्षपाती पुनर्रचना' असे कचेरीतल्या कागदावर शोभेल असे भाषांतर करता येईल, पण ते बोलणार कोण? आमच्या मते आपल्या पूर्वजांच्या मुलखात यासाठी शब्द आधीच आहे : बांध कोरणे. दोन शेतांच्या मध्ये मातीचा जो वरंबा असतो तो बांध. शेजारी जरा लोभी असला की दर वर्षी नांगरताना तो बांध आपल्या बाजूने वीतभर कोरतो. एका वर्षी ध्यानातही येत नाही. दहा वर्षांनी मोजणी करावी तर शेजाऱ्याचे शेत वाढलेले आणि आपले आक्रसलेले. इथल्या उसाच्या शेतांत आम्ही दगडांच्या राशी पाहत वाढलो, म्हणून तरुण वाचकांना बांधाची कल्पना नसेल; आजोबांना विचारावे. फरक एवढाच की, बांध कोरणारा शेजारी निदान चोरून कोरतो. जेरीमँडर करणारा भर सभागृहात, कायदा करून कोरतो.

आता हे कोरणे चालते कसे, ते पाहू. समजा, एका गावात बैठकेची कार्यकारिणी निवडावयाची आहे. गावात ५० घरे. त्यांपैकी ३० घरे आंब्याच्या गटाची आणि २० घरे फणसाच्या गटाची. दहा-दहा घरांचे ५ वाडे करून प्रत्येक वाड्यातून एक सभासद घ्यावयाचा आहे. वाडे करण्याचे काम आंबेवाल्यांकडे आले, तर ते प्रत्येक वाड्यात आंब्याची ६ आणि फणसाची ४ घरे घालतील. पाचही सभासद आंब्याचे! फणसाची २० घरे असूनही त्यांना एकही जागा नाही. तेच काम फणसवाल्यांकडे गेले, तर ते काय करतील? दोन वाडे निव्वळ आंब्याचे करतील, दहाच्या दहा. त्यात आंब्याची २० घरे संपली. उरलेली १० घरे बाकीच्या तीन वाड्यांत तीन, तीन आणि चार अशी विखरून टाकतील. त्या तिन्ही वाड्यांत फणस जिंकेल. म्हणजे घरे २० आणि सभासद ३. घरे ३० आणि सभासद २. एकाही घराने मत बदललेले नाही, कोणी पैसे वाटले नाहीत, पेटी पळवली नाही. बदलली ती फक्त रेषा. विरोधकांना एकाच वाड्यात कोंबावयाचे, नाहीतर सगळीकडे फोडून टाकावयाचे, या दोनच युक्त्यांवर हा सारा उद्योग चालतो.

ही गोष्ट आम्ही कल्पनेने रचली, पण उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ती खरी घडलेली आहे. तेथे कॅथलिक मतदार बहुसंख्य आणि नगरपालिका मात्र वर्षानुवर्षे प्रॉटेस्टंट युनियनिस्ट पक्षाच्या हाती. १९६७ चे आकडे नंतर सरकारी चौकशीत पुढे आले. शहराचे तीन विभाग केले होते. दक्षिण विभागात १०,०४७ कॅथलिक मतदार आणि इतर १,१३८. या एका विभागात कॅथलिकांना असे कोंबले होते आणि तेथून ८ सभासद निवडले जात. उत्तर विभागात २,५३० कॅथलिक आणि ३,९४६ इतर. तेथूनही सभासद ८. वॉटरसाइड विभागात १,८५२ कॅथलिक आणि ३,६९७ इतर, तेथून ४. बेरीज करून पाहा. कॅथलिक मतदार १४,४२९, त्यांचे सभासद ८. इतर मतदार ८,७८१, त्यांचे सभासद १२. वर, नगरपालिकेला मत देण्याचा हक्कही घरपट्टीशी जोडलेला, त्यामुळे भाड्याच्या खोलीत राहणारे कितीतरी तरुण मोजणीतच नव्हते. सरकारी घरे कोणाला द्यावयाची हे ही नगरपालिका ठरवी. लोकांचा राग येथूनच साठत गेला. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीत नागरी हक्कांसाठी मोर्चा निघाला, पोलिसांनी त्यावर लाठ्या चालवल्या आणि पुढची तीस वर्षे त्या प्रांतात जे रक्त सांडले त्याची सुरुवात पुष्कळ लोक त्या दिवसापासून धरतात. १९६९ मध्ये ती नगरपालिका बरखास्त करावी लागली. रक्तपाताला केवळ तीन विभागांच्या रेषाच कारण झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. पण मताने काही बदलत नाही, असे ज्याला कळून चुकते तो माणूस दुसरा मार्ग शोधू लागतो, ही गोष्ट डेरीने दाखविली.

कोणी म्हणेल, मग वाकडा आकार दिसला की न्यायालयाने नकाशा रद्द करावा. तितके ते सोपे नाही. पेन्सिल्व्हेनियातील एका मतदारसंघाचा आकार असा होता की लोक त्याला 'डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी' म्हणत. तो नकाशा २०१८ मध्ये त्या राज्याच्या न्यायालयाने खरोखरच रद्द केला. परंतु १९९० च्या दशकात शिकागोजवळ कानटोपीच्या दोन कानांसारखा एक मतदारसंघ काढला होता. मधली पट्टी एका हमरस्त्याच्या कडेने जाणारी. दिसावयास तो त्याहूनही हास्यास्पद. पण हेतू असा की, लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांच्या दोन वेगळ्या वस्त्या जोडून त्यांचा एक तरी प्रतिनिधी निवडून यावा. तेव्हा वाकडी रेषा नेहमीच लबाडीची नसते आणि सरळ रेषा नेहमीच प्रामाणिक नसते. आमच्या फणसवाल्यांचे पाचही वाडे पट्टीने आखलेले असू शकतात. हल्ली तर संगणकाला प्रत्येक गल्लीच्या मागच्या मतदानाचे आकडे पुरवले की तो दिसावयास नीटनेटका आणि पोटात लबाड असा नकाशा हवा तितक्या वेळा काढून देतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, ५ विरुद्ध ४ मतांनी, असे ठरविले की पक्षाच्या फायद्यासाठी केलेला जेरीमँडर अन्यायाचा असला तरी त्याचा निवाडा करणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नाही. त्या खटल्यात नॉर्थ कॅरोलायनाचा नकाशा होता. तेथील नकाशा करणाऱ्या समितीच्या एका आमदाराने उघडपणे सांगितले होते की, १० विरुद्ध ३ असा नकाशा केला, कारण ११ विरुद्ध २ असा काढणे शक्य दिसत नाही. ज्या राज्यात दोन्ही पक्षांची ताकद जवळजवळ निम्मी-निम्मी, तेथील ही भाषा. आमच्या मते टेक्सासच्या प्रकरणाचे मूळ या निकालात आहे. पंचाने शिट्टी खिशात ठेवल्यावर खेळाडू कसे खेळतील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आणि तसेच झाले. कॅलिफोर्नियात नकाशे काढण्याचे काम मतदारांनीच २००८ आणि २०१० मध्ये राजकारण्यांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिले होते. साऱ्या देशाने वाखाणावी अशी ती सुधारणा. पण टेक्सासला उत्तर म्हणून ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने आयोगाचा नकाशा काही वर्षांपुरता बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅट पक्षाला ५ जागा अधिक मिळाव्यात असा नकाशा पत्करला. मिसूरी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनीही रिपब्लिकनांच्या सोयीचे नवे नकाशे केले. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आम्हीही कोरणार, असा हा न्याय. कॅलिफोर्नियाने निदान लोकांना विचारून केले, हे खरे. पण ज्या मतदाराचे मत त्यामुळे वाया जाईल त्याला या फरकाचे समाधान किती वाटेल याची आम्हांस शंका आहे. इंडियाना राज्यात मात्र निराळे घडले. तेथील सिनेटमध्ये रिपब्लिकनांचे प्रचंड बहुमत, अध्यक्षांचा दबावही मोठा. तरी ११ डिसेंबर २०२५ रोजी नवा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला गेला. त्या ३१ मध्ये २१ रिपब्लिकन होते. गेरींना नापसंत असूनही त्यांनी सही केली होती. या २१ जणांनी ती केली नाही.

भारतातही रेषांचा आणि आकड्यांचा प्रश्न आहे, पण त्याचे रूप वेगळे. कोणत्या राज्याला लोकसभेत किती जागा, हे १९७१ च्या जनगणनेवर १९७६ मध्ये गोठविले गेले आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसेच ठेवले. महाराष्ट्राच्या ४८ जागा त्याच हिशेबातल्या. ज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्या दक्षिणेकडील राज्यांना भीती अशी की, नव्या मोजणीत उत्तरेच्या जागा वाढतील आणि शहाणपणाची शिक्षा आपल्याला होईल. याला जेरीमँडर म्हणता येणार नाही. येथे कोणी बांध कोरीत नाही, भांडण वाटणीच्या मापाचे आहे.

मग आपल्या मॉरिशसमध्ये? निवडणुकीच्या सभांतून हा शब्द अधूनमधून फेकला जातो, म्हणून नीट पाहिले पाहिजे. आपले २० मतदारसंघ १९६६ च्या बॅनवेल आयोगाच्या शिफारशीतून आले आणि ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत प्रथम वापरले गेले. प्रत्येकातून तीन सभासद, रॉड्रिग्सचे दोन, मिळून ६२. सीमा तपासण्याचे काम घटनेने स्वतंत्र सीमा आयोगाकडे दिले आहे. आमदाराला किंवा सरकारी नोकराला त्यात बसता येत नाही. आयोगाची शिफारस विधानसभा मंजूर करू शकते किंवा फेटाळू शकते, पण तीत बदल करू शकत नाही. टेक्सासच्या मानाने ही केवढी मोठी तटबंदी आहे! गव्हर्नर गेरींना असा कायदा असता तर बिचाऱ्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकापुरतेच राहिले असते.

तेव्हा शब्दाच्या खऱ्या अर्थाने आपल्याकडे जेरीमँडर नाही, असे आमचे मत आहे. आपले दुखणे दुसरे. घटना म्हणते की मतदारसंघांची लोकसंख्या होईल तितकी सारखी असावी. पण पोर्ट लुईचा क्रमांक ३ चा मतदारसंघ आणि सावान–रिव्हिएर न्वारचा क्रमांक १४ चा मतदारसंघ यांची तुलना करा. १४ मध्ये मतदार दुपटीहून जास्त, आणि सभासद दोहोंकडे तीन-तीनच. लोक शहर सोडून किनाऱ्याकडे आणि पठाराकडे राहावयास गेले, रेषा मात्र बहुतांशी आहे तेथेच राहिल्या. बांध कोणी कोरला नाही; पण जमीन सरकली तरी मोजणी झाली नाही, तर नुकसान तितकेच होते. कासकाव्हेलच्या मतदाराचे मत पोर्ट लुईच्या मतदाराच्या मताहून हलके ठरते, मग त्यामागे कोणाचा हेतू असो वा नसो.

दुसरे दुखणे तीन-तीन जागांच्या पद्धतीचे. ज्या आघाडीला वारे लागते ती तिन्ही जागा घेऊन जाते. १९८२ आणि १९९५ मध्ये मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा एकाच बाजूला गेल्या. १० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत पुन्हा तेच झाले. हरलेल्या आघाडीला २०२४ मध्ये चौथ्या हिश्श्याहून अधिक मते होती आणि थेट निवडून आलेला सभासद एकही नाही. आमच्या आंबेवाल्यांच्या ५ विरुद्ध ० ची ही मोठी आवृत्ती, आणि तीही कोणी लबाडी न करता. 'बेस्ट लूझर' म्हणून जे थोडे सभासद मागाहून घेतले जातात ते समाजांचा तोल राखण्यासाठी. मतांचा तोल त्याने राखला जात नाही. २००२ मध्ये साक्स आयोगाने मतांच्या प्रमाणात ३० जागा वाढवाव्यात असे सुचविले होते. ती सूचना कपाटात राहिली.

आपल्या मराठी घरांनी यातून काय पाहावे? घटनेच्या परिशिष्टात हिंदू, मुसलमान, चिनी आणि सर्वसाधारण असे चार समाज आहेत. मराठी, तमिळ, तेलुगु यांची तेथे वेगळी ओळ नाही. वीसपैकी एकाही मतदारसंघात आपले बहुमत नाही. म्हणून आपल्याला कोणी एका वाड्यात कोंबू शकत नाही आणि फोडण्याचीही कोणाला गरज नाही, आपण मुळातच विखुरलेले आहोत. नकाशावरच्या रेषेपेक्षा पक्षाच्या तिकिटाची यादी आपल्यासाठी अधिक निर्णायक ठरते, आणि ती यादी बंद खोलीत होते. तिच्यासाठी ना आयोग ना व्यंगचित्र. पण प्रमाणशीर जागा आल्या तर पोर्ट लुईपासून सुयाकपर्यंत विखुरलेली मते एका बेरजेत येऊ शकतात. त्या जागांची यादीही पक्षच करणार, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही पुढल्या वेळी निवडणूक सुधारणेचा मसुदा लोकांपुढे आला, तर त्यात सीमांची मोजणी किती वर्षांनी आणि ती फेटाळल्यास पुढे काय, ही दोन कलमे आमच्या वाचकांनी आधी शोधावीत. प्रश्न विचारणाऱ्या आमच्या गृहस्थांचा मतदारसंघ क्रमांक १४ आहे, हे त्यांच्या पत्त्यावरून आम्हांस दिसले.